चिठ्ठ्यांचा डबा

माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात चिठ्ठ्या आहेत. कॉलेजची शिबिरं, सहली, पुढं नोकरीला लागल्यावर शिक्षकांची प्रशिक्षणं, जिथं म्हणून एकमेकांना न ओळखणारी माणसं गोल करून बसवायची वेळ आली तिथं हा डबा माझ्याबरोबर गेला. बदनापूरपासून घनसावंगीपर्यंत त्यानं जिल्हा पाहिला आहे. खेळात जो चुकेल त्यानं डब्यात हात घालायचा, एक चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावर जे लिहिलं असेल ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं. डब्याबरोबर एक पितळी शिट्टी असायची. पोरं माझ्या मागे मला 'शिट्टीवाली' म्हणत. ते मला कळायचं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

हे खेळ मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला औरंगाबादच्या एका आठ दिवसांच्या शिबिरात शिकले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बदनापूरची, कॉलेज जालन्याला, रोज रेल्वेनं येणं-जाणं. त्या आठ दिवसांत मी दोनशेपानी वही खेळांनी भरून आणली. रुमालपाणी, संगीत खुर्ची, तळ्यात-मळ्यात हे सगळ्यांना माहीतच असतात. पण ओळखीचे खेळ हा वेगळा प्रकार असतो हे मला तिथं कळलं. अनोळखी माणसं पहिली दहा मिनिटं एकमेकांच्या चपलांकडं बघतात. त्यांना बोलतं करायचं असेल तर भाषण उपयोगाचं नाही. त्यांना थोडं हसू यावं लागतं आणि थोडं चुकावं लागतं.

आमच्या भागात आणखी एक अडचण होती. माणूस भेटला की पहिला प्रश्न 'गाव कोणतं?' आणि दुसरा 'आडनाव काय?' त्यानंतर तिसरा प्रश्न विचारायची गरजच उरत नसे. कोण कुणाशेजारी बसणार आणि कोण जरा लांब सरकणार, हे तेवढ्यात ठरून जायचं. म्हणून मी माझ्या खेळातून आडनाव काढून टाकलं होतं. नाव सांगायचं, नुसतं नाव. कुणी सवयीनं आडनाव जोडलं तर शिट्टी वाजायची आणि डबा पुढं यायचा. सरपंचाच्या पोरालाही मी कोंबड्यासारखं आरवायला लावलं आहे. नियम म्हणजे नियम, हे वाक्य मी त्या काळात दिवसातून दहा वेळा म्हणायचे.

या लिखाणात मात्र मी नाव कुणाचंच घेणार नाही. गोष्ट नावांच्याच खेळाची आहे, त्यामुळे जरा चमत्कारिक वाटेल. पण त्यातली बरीच माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांना पुस्तकात बसवायचा मला अधिकार नाही.

तर, दुसऱ्या वर्षाला डिसेंबरात आमच्या कॉलेजचं दहा दिवसांचं शिबिर केदारखेड्याला होतं. मुलं सकाळी रस्त्याच्या कडेला चर खोदायची, मुली घरोघर जाऊन माहितीचे तक्ते भरायच्या. दुपारी दोन ते चार शाळेच्या व्हरांड्यात गावातल्या बायांसाठी कार्यक्रम असायचा आणि तो आमच्या सरांनी माझ्यावर सोपवला होता. कधी बाळाच्या लसी, कधी निर्धूर चूल, कधी बचत. आधी अर्धा तास खेळ, मग विषय. सरांचा हिशेब साधा होता, खेळ रंगला तर बाया दुसऱ्या दिवशी येतील.

पहिल्या दिवशी तीन बाया आल्या आणि त्यातल्या दोन पाणी भरता भरता थांबलेल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत अठरा-वीस झाल्या. गावातल्या शेतकऱ्यांच्या घरच्या होत्या, पलीकडच्या वस्तीवरच्या बौद्ध घरांतल्याही होत्या. सुरुवातीला दोन घोळके दोन सतरंज्यांवर बसायचे. मी एक सतरंजी गुंडाळून वर्गात ठेवून दिली. जागा कमी पडली तेव्हा आपसूक सरकासरक झाली. या गोष्टीचा मला त्या वेळी फार गर्व झाला होता आणि तो गर्वच मला नडला, असं आता वाटतं.

त्या बायांमध्ये एक नवी सून होती. एकोणीस वर्षांची, लग्नाला सहा महिने झालेले. भोकरदनला बारावीपर्यंत शिकलेली, पण इंग्रजीत गेलेली. ती दुसऱ्याच दिवशी हातपंपापाशी मला गाठून म्हणाली, "ताई, तुमच्याकडं बारावीचं इंग्लिशचं गाईड असंल का?"

मी विचारलं, "पुन्हा बसणार आहेस?"

"बसायचं तर हाय. मार्चला. फारम भरायची मुदत आजून हाय. तुमचं शिबिर संपल्यावर दुसऱ्या दिशी शेवटची तारीख." मग घागर कमरेवर घेत तिनं सगळं एका दमात सांगितलं. तिला मास्तरीण व्हायचं होतं आणि बारावी झाल्याशिवाय ते होणार नव्हतं. नवऱ्याची ना नव्हती. पण तो आईच्या शब्दाबाहेर नव्हता. सासरे फार पूर्वी वारलेले. शेती, बैल, गडी, घर सगळं सासूच बघायची. सासू हो म्हणाली तरच फॉर्म.

"मग त्या काय म्हणतात?"

"बघू म्हणल्यात. शिबिराच्या पोरींत बसून काय शिकून येतीस ते आधी बघते, मंग फारमाचं सांगते, म्हणल्यात." तिनं घागर सावरली. "दाखल्यावर माझं पहिलं नाव हाय ना, माहेरचं. फारमावर तेच लिहावं लागतं. तर आत्याबाई म्हणल्या, त्या नावाची पोरगी आता हाय कुठं?"

आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं त्यावर नवं नाव लिहायचं, की जुनं नाव त्या घरापुरतं संपलं. सहा महिन्यांत तिला जुन्या नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. ते नाव तिनं मला हातपंपापाशी सांगितलं, जरा आवाज खाली करून. मी तिला गाईड देईन म्हणाले. आत्याबाई म्हणजे तिची सासू. त्यांना मी तोवर पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी नावांची साखळी घेतली. खेळ सोपा आहे. पहिली बाई आपलं नाव सांगते. दुसरी पहिलीचं नाव सांगून आपलं सांगते. तिसरी पहिल्या दोघींची आणि आपलं. अशी साखळी वाढत जाते. शेवटच्या बाईला सगळ्या गोलाची नावं ओळीनं म्हणावी लागतात. जी अडखळेल तिला डबा. चिठ्ठ्या मीच लिहिलेल्या होत्या, जुन्या वहीची पानं फाडून, निळ्या शाईनं: कोंबड्यासारखं आरवून दाखवा. डोक्यावर तांब्या ठेवून चाला. एखादं गाणं म्हणा. लंगडी घालत गोलाला एक फेरी. गावातल्या कुणाचीही नक्कल करा. अशा चाळीसेक. मला त्या सगळ्या पाठ होत्या.

साखळी छान चालली होती. बाया एकमेकींची नावं पहिल्यांदाच तोंडानं घेत होत्या, कारण एरवी सगळा गाव अमक्याची आई आणि तमक्याची बायको यावरच चालतो. सुनेची पाळी आली. तिच्या आधी आठ जणी झालेल्या. तिनं पाच नावं भराभर घेतली आणि सहाव्याला थांबली. सहावी आमच्या कॉलेजची मुलगी होती. तिचं नाव देवीचं, आजीपासून नातीपर्यंत कुणाचंही असू शकेल असं.

"आठवत नाही?" मी विचारलं.

बाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शेवटी एक म्हणाली, "आठवून राह्यलंय की, ताई. तिच्या सासूचं नाव हाय ते. कसं घेईल?"

इथं मी थांबायला हवं होतं. बदनापूर काही लंडनमध्ये नाही. सून सासूचं नाव घेत नाही हे मला माहीत होतं, माझी आईही घेत नव्हती. पण मी एकोणीस-वीस वर्षांची, हातात शिट्टी, एक सतरंजी गुंडाळून ठेवल्याचा गर्व डोक्यात. मला वाटलं, आज हिच्या तोंडून नाव वदवलं की सुधारणेचं आणखी एक पाऊल पडलं. मी म्हणाले, "खेळात सासू नसते. ती समोर बसलेली मुलगी आहे, तिचं नाव आहे. घे."

"न्हाई ताई."

"मग चूक. नियम म्हणजे नियम."

मी शिट्टी वाजवली आणि डबा पुढं केला. तिनं सुटल्यासारखा हात घातला. नाव घ्यायच्या संकटापुढं चिठ्ठी म्हणजे काहीच नव्हतं. तिनं घडी उघडून मोठ्यानं वाचली, "गावातल्या कुणाचीही नक्कल करा."

आधी ती लाजली. मग कुणीतरी म्हणालं, पोस्टमनची कर. तिनं केली आणि ती इतकी हुबेहूब उतरली की व्हरांडा दणाणला. मग दळणवाल्याची. मग बाया पेटल्या, "आजून एक, आजून एक." ती पोरगी सहा महिन्यांत पहिल्यांदा चार माणसांत मोकळी हसत होती, हे मला दिसत होतं. तिच्या अंगात आलं. तिनं पदर खोचला, डावा हात कमरेवर ठेवला, उजवा पाय मागं ओढत ओढत चालायला लागली आणि वळून कुणावर तरी ओरडली, "फाटक कोण लावील रं, तुझा बाप?"

मग बाया अक्षरशः लोळल्या. एक जण हसता हसता रडायला लागली. मी त्या सासूला पाहिलं नव्हतं, नक्कल कुणाची आहे हे मला कुणीतरी कानात सांगितलं, आणि मग मीही हसले. मोठ्यानं हसले. त्या दिवशी त्या व्हरांड्यात माझं हसणं सगळ्यांच्या वर होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं तर बाया इकडंतिकडं बघायला लागल्या. जी त्या दिवशी हसून हसून रडली होती, तिनंच संध्याकाळी पाणी भरताना सासूच्या कानावर सगळं घातलं होतं, साभिनय. "फारमाचं काय आता," ती मला म्हणाली, जणू त्यात तिचा काही हात नव्हता. "सासू म्हणली, शिबिरात काय शिकली ते दिसलं मला."

मी तीन दिवस काढले. रोज ठरवायचे की आज तिच्या घरी जायचं आणि रोज काहीतरी काम निघायचं. खरं तर मला भीती वाटत होती. नवव्या दिवशी दुपारचा कार्यक्रम संपल्यावर मात्र पाय उचलले. शिबिर संपायला एक दिवस उरला होता आणि फॉर्मची मुदत त्याच्या दुसऱ्या दिवशी.

घर गावाच्या टोकाला, समोर मोठं अंगण. सासू अंगणात बसून बोंडातला कापूस काढत होती. हडकुळी, ताठ पाठीची बाई, उजवा पाय समोर सरळ पसरलेला. आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"तुम्ही त्या शिट्टीवाल्या बाई का?"

"हो."

"बसा. ते पोतं घ्या खाली."

मी बसले. वाटेत घोकून ठेवलेलं सगळं बोलून टाकलं. "काकू, चूक माझी आहे. मी तिला नाव घ्यायला लावत होते. ती घेईना, म्हणून मी चिठ्ठी उचलायला लावली. तिनं तुमचा मान ठेवला, नाव घेतलंच नाही."

"हां. आलं ते बी कानावर." त्यांचे हात थांबले नव्हते. "सासूचं नाव घेतलं न्हाई म्हणे. लई गुणाची."

मला बरं वाटलं. वाटलं, जमतंय. आणि मग त्यांनी हातातलं बोंड खाली ठेवलं.

"बाई, नाव घेतलं असतं तर माझं काय गेलं असतं? नाव तोंडातून निघतं अन् हवेत जातं. ह्यो पाय मात्र माझा हाय. ह्याची नक्कल केली तिनं अन् तुम्ही साऱ्याजणी हसत बसल्या."

त्यांनी पसरलेल्या पायावरून हात फिरवला.

"मालक गेले त्या साली गाडीचं चाक गेल्तं पायावरून. डाक्टर म्हणला, दोन महिने बिलकुल उठायचं न्हाई. लेकरू दोन वर्साचं, कापूस रानात फुटून पडलेला. आठव्या दिशी रानात गेल्ते मी. पाय तसाच वाकडा जुळला. तव्हापासून असं चालते. आता मला सांगा, ह्याच्यात हसण्यासारखं काय हाय?"

मला लाज वाटली. मी आल्यापासून नाव घेतलं की नाही घेतलं यातच अडकले होते. ती सूनही त्यातच अडकली होती. नाव सांभाळलं की मान सांभाळला, अशी आम्हा दोघींची समजूत. ज्या बाईचा मान सांभाळायचा तिला कशानं लागेल, हे दोघींपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"चुकलं, काकू," मी म्हणाले. "मीही हसले."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग पुन्हा बोंड उचललं. "आतली बी तेच म्हणती. तीन दिस झाले, पाया पडून राह्यली. जेवण धड न्हाई. मी तिला काय बोलले बी न्हाई अन् मारलं बी न्हाई. बोलले न्हाई हेच तिला बोचून राह्यलं असंल."

मी चाचरत म्हणाले, "काकू, परवा शेवटची तारीख आहे, फॉर्मची..."

"फारमाचं आत्ता काढू नका." आवाज चढला नव्हता, पण विषय संपला होता. मी उठले. फाटकापाशी पोचले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "तुमचा खेळ उद्या हाय का?"

"हो, उद्याचा शेवटचा."

"मी येते. बघते तरी एकदा, काय करता तिथं."

मला रात्रभर झोप लागली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. चर खोदणाऱ्या पोरांसारखीच मीही ढाराढूर झोपले. शेवटच्या दिवशी पुन्हा नावांची साखळी घ्यायची प्रथा होती. दहा दिवसांत कोण कुणाला किती ओळखायला लागलं ते त्यात कळतं. मी एक केलं, त्या देवीच्या नावाच्या आमच्या मुलीच्या आधी सुनेसाठी एक जागा राखून ठेवली. साखळीत आपल्या आधीच्याच बायांची नावं घ्यावी लागतात, त्यामुळं सुनेवर ते नाव घ्यायची वेळच येणार नव्हती. कुणी कुठं बसायचं याचा नियम नव्हता, म्हणून मी नियम मोडला असं म्हणता येणार नाही. इतकं सगळं मी केलं आणि डब्याचं झाकण उघडून आत बघायचं मात्र विसरले.

दोघी आल्या. सून खाली मान घालून, सासू तिच्या पुढं, पाय ओढत. जी बाई सगळ्यात जास्त हसली होती तिनं उठून त्यांना भिंतीला टेकायची जागा दिली. सून गोलाच्या मधल्या राखलेल्या जागेत बसली आणि उशिरा आल्यामुळं सासूची जागा सगळ्यात शेवटची आली. म्हणजे बावीस नावं त्यांना म्हणावी लागणार होती. मी म्हणाले, "काकू, तुम्ही नुसत्या बघा, खेळायलाच पाहिजे असं नाही."

"आले तर खेळते की."

साखळी सुरू झाली. सुनेनं आपल्या आधीची नावं हलक्या आवाजात घेतली आणि शेवटी आपलं घेतलं, सासरचं नाव. साखळी पुढं गेली. दोघी-तिघी अडखळल्या, कुणी कोंबडा झालं, कुणी तांब्या डोक्यावर घेतला. हसणं आलं, पण जरा जपून. मग शेवटची पाळी.

त्यांनी कुठं घाई केली नाही. एकेकीकडं बोट करत नाव घेत गेल्या. गावातल्या बायांचं ठीक होतं, पण कॉलेजच्या मुलींची नावं त्यांनी त्या दिवशी, अर्ध्या तासात, पहिल्यांदा ऐकली होती. एकही चुकलं नाही. अक्षरओळख नसलेली माणसं ऐकलेलं कसं धरून ठेवतात ते मी नंतर पुष्कळ ठिकाणी बघितलं. तेव्हा मात्र माझा आ वासलेला होता. बोट सुनेपाशी आलं. त्या थांबल्या. आणि त्यांनी एक नाव घेतलं, जे त्या गोलात कुणी सांगितलंच नव्हतं.

माझा हात सवयीचा गुलाम. शिट्टी वाजली. "चुकलं," मी म्हणालेही. आणि शिट्टी तोंडातून खाली येईपर्यंत मला आठवलं की ते नाव मी ऐकलेलं आहे, हातपंपापाशी.

"चुकलं न्हाई," सासू म्हणाली. "बराबर हाय. तिच्या दाखल्यावर हेच हाय. उद्या भोकरदनला जायचं, फारमावर बी हेच लिव्हायचं. तिथं कुणी विचारलं तर मला यायला पाह्यजे, म्हणून जरा म्हणून बघितलं."

सुनेनं मान वर केली नाही. सतरंजीची एक सुटलेली दोरी ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. सासूनं बोट पुढं सरकवलं, राहिलेली नावं घेतली. आमच्या मुलीचं घेतलं आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं तेच नाव घेतलं. गावातल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी शिट्टीची दोरी नीट करण्यात लपवलं.

आमच्यातल्या एका आगाऊ मुलीनं तेवढ्यात विचारलं, "अगं, पण खेळात तर तिनं दुसरं नाव सांगितलं होतं. मग शिक्षा?"

मी तिच्याकडं डोळे वटारून बघितलं. पण सासूनंच हात पुढं केला. "खरं हाय. नेम तो नेम. आणा तो डबा."

डबा हातोहात त्यांच्यापर्यंत गेला. त्यांनी आत हात घातला आणि त्या क्षणी मला लंगडीची चिठ्ठी आठवली. काल त्या अंगणातून आल्यावर पहिलं काम ती चिठ्ठी काढून टाकायचं करायला हवं होतं. मी कोण कुठं बसेल ते ठरवलं आणि ही चिठ्ठी तशीच राहू दिली. चाळीसातली एक. ती नेमकी कशाला येईल, असं मी मनाला समजावलं.

त्यांनी चिठ्ठी काढली, उलटसुलट केली. "मला कुठं वाचता येतं. घे गं, वाच," म्हणून ती सुनेकडं दिली.

सुनेनं घडी उघडली. बघितलं. मला वाटलं, माझं अक्षर लागत नसेल. मग तिनं शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं, "जात्यावरची एक ओवी म्हणा."

मी हुश्श केलं. सासूनं जरा घसा साफ केला, भिंतीला पाठ टेकली आणि ओवी सुरू केली. आवाज चिरका होता, पण पक्का. दुसऱ्या ओळीला दोन म्हाताऱ्या मिळाल्या, मग वस्तीवरची एक, मग सगळ्याच. एक ओवी म्हणायची होती, पाच-सहा झाल्या. त्या दिवशी बचतीचा विषय राहून गेला आणि सरांची बोलणी मी खाल्ली. मध्येच माझ्या मनात आलं की ओवी म्हणा अशी चिठ्ठी मी लिहिलेली नाही. 'एखादं गाणं म्हणा' अशी आहे. मग मला वाटलं, पोरगी हुशार, सासूला जमेल असा तिनं त्यात बदल करून वाचलं. कौतुक वाटलं आणि मी ते तिथंच सोडून दिलं.

ती मार्चला बसली आणि इंग्रजीत काठावर का होईना, सुटली. जूनमध्ये मला कार्ड आलं, खाली सही दाखल्यावरच्या नावाची. पुढं ती मास्तरीणही झाली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला तीच काळजी असणार आणि ती शेवटपर्यंत ताणण्यात अर्थ नाही. मला सांगायचं राहिलंय ते त्याच्या आधीचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा टेम्पो सामान भरून निघायच्या बेतात होता. रस्त्यावर दोघी उभ्या होत्या, भोकरदनच्या बसची वाट बघत. सुनेच्या हातात दाखल्याची प्लास्टिकची पिशवी, सासूच्या डोक्यावर इस्त्री केल्यासारखा नीट पदर. मी उतरून त्यांच्याकडं गेले, गाईड दिलं. सासू म्हणाली, "येत जा बाई. पण ती शिट्टी घरी ठिवून." मी हसले आणि या वेळी त्याही हसल्या.

बस दिसली. त्यांना थोडं पुढं चालत जावं लागणार होतं. निघता निघता सून मागं वळली आणि मूठ माझ्या हातात रिकामी केली. "तुमची चिठ्ठी राह्यली होती माझ्याकडं, ताई. नियमानं परत डब्यात टाकायची ना?" आणि ती सासूला गाठायला गेली. गाठल्यावर तिनं चाल कमी केली आणि सासूच्या पायाला झेपेल तेवढंच ती चालत राहिली.

मी टेम्पोत बसले. गाव मागं पडल्यावर मी घडी उघडली. अक्षर माझंच होतं, निळ्या शाईतलं, कुणालाही लागेल असं.

लंगडी घालत गोलाला एक फेरी.